औषध फुकट, वाट महाग



एचआयव्हीवरचे औषध १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांतून फुकट मिळते. मग ऐन वेचणीत माणूस गोळ्या का सोडतो? मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे पडते आणि रांगेत गावचे कोणी पाहील, ही धास्ती असते.

अर्धवट मात्रेच्या फवारण्यांनी बोंडअळी औषधाला दाद देईनाशी होते, हे कपाशीवाल्याला सांगायला नको. या विषाणूचेही तसेच. गोळी रोज घ्यायची, जन्मभर. नेमाने घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

गोळी सरकार देते. पण ती चुकली की घरी येऊन विचारपूस करणारा माणूस बहुधा स्वयंसेवी संस्थेचा, पुष्कळदा स्वतःच बाधित असतो. २०१३ साली सुरू झालेल्या ‘विहान’ कार्यक्रमातली काळजी व आधार केंद्रे अशाच संस्थांनी चालवली. एकाने बी द्यावे, दुसऱ्याने राखण करावी, तेव्हाच पीक घरात येते.

म्हणून जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडू. प्रकृती स्थिर असलेल्याला तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. त्या जवळच्या ग्रामीण रुग्णालयात द्या. संस्थांच्या कार्यकर्त्यांचे मानधन थकवू नका.

चौथे काम आपले. संमतीवाचून कोणाचा आजार उघड करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. पारावरच्या गप्पांनाही ती लागू समजा.