आधी तपासणी, मग लेझर

घोरण्यावरचा लेझर उपचार आता मोठ्या शहरांतल्या दंतचिकित्सालयांच्या जाहिरातींत दिसू लागला आहे. भूल नाही, टाके नाहीत, रक्त नाही. सुमारे दीड महिन्यात तीन बैठका आणि प्रत्येक बैठकीनंतर रुग्ण थेट कामावर. २९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अर्बियम-याग लेझर आपल्यापैकी काहींच्या दवाखान्यात दातांच्या आणि हिरड्यांच्या कामासाठी आधीपासूनच आहे. घोरण्यासाठी ऊर्जा लांबवलेल्या स्पंदांतून दिली जाते. त्यामुळे टाळूची अंतस्त्वचा कापली जात नाही, नुसती तापते. तापलेले कोलॅजन आखडते, पुढच्या आठवड्यांत नवे तयार होते आणि मऊ टाळू व पडजीभ यांची फडफड कमी होते, असा यामागचा विचार आहे. तो पटण्याजोगा आहे. खटकते ती गोष्ट वेगळीच: झोपेत या माणसाचा श्वास तासाला किती वेळा अडतो, हे कोणीही मोजलेले नसताना अनेकदा पहिली बैठक उरकलेली असते.

आपल्याकडे घोरणे हा चेष्टेचा विषय. डाराडूर झोपणारा माणूस सुखी, असे मानणाऱ्या घरात कुंभकर्णाची उपमा मिळते, डॉक्टरचा पत्ता मिळत नाही. प्रत्यक्षात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातून डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३५ ते ६५ वयाच्या, वरवर निरोगी शहरी पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांच्या झोपेतल्या श्वसनात दोष असल्याचा अंदाज निघाला. दिवसा झोप अनावर होण्याची तक्रारही जोडीला असलेले ७.५ टक्के होते. हे लोक रुग्ण म्हणून आलेले नव्हते. घोरण्याची तक्रार घेऊन स्वतःहून येणाऱ्यांत झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकाराचे, म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाचे प्रमाण याहून कमी असेल, असे समजायला काहीच आधार नाही. उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात, गाडी चालवताना लागणारी डुलकी ही सगळी साखळी श्वास अडण्याशी जोडलेली आहे, आवाजाशी नाही. आणि रुग्णाला आपल्यापर्यंत आणतो तो मात्र आवाजच. तो बंद झाला आणि श्वास तसाच अडत राहिला, तर त्या माणसाला पुन्हा तपासायला घेऊन येणारे काही उरत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. पॅरिसच्या इव्ह-व्हिक्टर कमामी यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कार्बन डायऑक्साइड लेझरने पडजीभ आणि टाळूची कड छाटण्याची पद्धत आणली. बाह्यरुग्ण विभागात होणारी, झटपट. जगभर पसरायला तिला वेळ लागला नाही. पुढे २०१७ साली ‘स्लीप’ या नियतकालिकात तेवीस अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण आले. ज्या रुग्णांची वैयक्तिक आकडेवारी उपलब्ध होती, त्यांपैकी ८ टक्केच अ‍ॅप्नियातून बरे झाले होते आणि ४४ टक्क्यांचा एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडण्याचे प्रमाण, शस्त्रक्रियेनंतर वाढले होते. अमेरिकेतल्या निद्रावैद्यक संस्थेने अ‍ॅप्नियासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, आणि केवळ घोरण्यासाठी करायची तरी आधी झोपेची तपासणी करावी, असे बऱ्याच आधी सांगितले होते.

यावर उत्तर तयार असते: ती पद्धत ऊती जाळणारी होती, व्रणाने घसा आकसत असे, आपला लेझर नुसता तापवतो. हे म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच ४४ टक्क्यांचा आकडा उचलून या उपचारावर चिकटवणे अन्यायाचे होईल. मात्र त्या इतिहासातून येणारा धडा यंत्राचा नाही, मोजमापाचा आहे. आवाज आणि अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडथळा टाळूपाशी असेल, घशाच्या बाजूच्या भिंतींत असेल, जिभेच्या मुळाशी किंवा स्वरयंत्राच्या झाकणापाशीही असेल. टाळू ताठ केल्याने जिभेचे मूळ मागे पडायचे थांबत नाही.

नव्या पद्धतीचा पुरावा पाहिला तर बराचसा भाग लहान, तुलनागट नसलेल्या अभ्यासांचा आहे, आणि यशाचे माप बहुधा जोडीदाराने शून्य ते दहा असे दिलेले गुण हेच असते. घोरणे रोज सारखे नसते. मद्य, सर्दी, उताणे झोपणे यांनी ते बदलते. माणूस त्रास शिगेला पोचल्यावर येतो, त्यामुळे काही न करताही पुढचा महिना थोडा बरा जाण्याची शक्यता असते. शिवाय खर्च केलेल्या उपचाराला कमी गुण देणे जोडीदाराला जड जाते. फिनलंडमधल्या २००९ सालच्या एका चाचणीत सौम्य अ‍ॅप्नियासाठी टाळूला दिलेली रेडिओलहरींची एक बैठक लटक्या उपचारापेक्षा सरस ठरली नव्हती. टाळू कापण्याच्या शस्त्रक्रियेत लटका उपचार देणे अवघड असते. जखमच न करणाऱ्या लेझरमध्ये ते त्यामानाने सोपे आहे. मग अशा चाचण्या थोड्याच का, हा प्रश्न यंत्रे विकणाऱ्यांना आपण विचारायला हवा. (प्रशिक्षण शिबिरातल्या चहापानाच्या वेळी विचारला तरी चालेल.)

व्यवहारातला आक्षेप असा की तपासणीचा खर्च सांगितला की रुग्ण परत येत नाही. काही जण खरोखरच येणार नाहीत. पण घरी नेऊन वापरायची उपकरणे आता श्वासाचा प्रवाह, छातीची हालचाल आणि प्राणवायूची पातळी एका रात्रीत नोंदवतात, आणि तीन बैठकांचे पैसे मोजणाऱ्या माणसाला एका रात्रीची नोंद परवडत नाही, हे पटत नाही. ही नोंद स्वच्छ आली आणि लक्षणे मात्र ठळक असली, तर रुग्णाला पूर्ण तपासणीसाठी निद्राप्रयोगशाळेत पाठवावे लागेल. कोणाला आधी पाठवायचे हे ठरवायला स्टॉप-बँग प्रश्नावली आहे. तीत वजनाची सीमा बॉडी मास इंडेक्स ३५ ही आहे. आपल्याकडचे अनेक रुग्ण त्याच्या बरेच खाली असतानाच अ‍ॅप्नियाग्रस्त असतात, तेव्हा फक्त प्रश्नावलीच्या गुणांच्या बेरजेवर विसंबू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: झोपेत दाबाने हवा देणाऱ्या सीपॅप यंत्राचा मुखवटा अनेक रुग्ण काही आठवड्यांत कपाटात ठेवतात, मग काहीच न करण्यापेक्षा लेझर काय वाईट? पण मुखवटा नकोसा होणाऱ्यांसाठी आपल्याच हातात एक साधन आहे, खालचा जबडा पुढे ठेवणारे, मापाने बनवलेले मुखातील उपकरण. २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत साध्या घोरण्यासाठी आणि सीपॅप न झेपणाऱ्या अ‍ॅप्नियाग्रस्तांसाठी त्याची शिफारस आहे. साचे घेणे, जबडा थोडाथोडा पुढे आणणे, पुन्हा तपासणी करणे हे काम चिकाटीचे आहे आणि जाहिरातीत दिसायला फिके. पुरावा मात्र त्याच्या बाजूने आहे.

म्हणून लेझर नाकारण्याचे कारण नाही. त्याची जागा ठरवण्याचे आहे. झोपेच्या तपासणीत अ‍ॅप्निया नाही असे वैद्यकीय निदान झाले, नाक-कान-घसा तज्ज्ञाने घसा पाहिला, आणि परिणाम कालांतराने ओसरतो व बैठका पुन्हा लागू शकतात हे रुग्णाला मराठीत लिहून दिले, तर घोरण्यापुरता हा उपचार जरूर करावा. निदान करण्याचा अधिकार आपला नाही; संशय घेण्याचा आणि पाठवण्याचा आहे.

या विषयावरचे रुग्णवृत्तान्त आमच्याकडे येतात. पुढील अंकापासून ज्यांच्यासोबत उपचारापूर्वीचा आणि नंतरचा झोपेच्या तपासणीचा अहवाल नसेल, ते परीक्षणासाठी पाठवले जाणार नाहीत.