आवडीचा अधिकार

वैयक्तिक आवडनिवड म्हणजे समीक्षा नव्हे, ही समजूत विद्यापीठांतून दृढ झाली आहे. कलकत्त्याच्या रवींद्रनाथांचे समीक्षालेखन तिला छेद देते. १९०७ साली त्यांचे ‘प्राचीन साहित्य’, ‘लोकसाहित्य’ आणि ‘आधुनिक साहित्य’ हे संग्रह निघाले. कालिदास, बाणभट्ट, बंकिमचंद्र आणि आयाबायांच्या तोंडची बडबडगीते या साऱ्यांना एकच वाचक सारख्याच आस्थेने सामोरा गेला. वाल्मीकींनी ऊर्मिलेची आणि बाणाने पत्रलेखेची उपेक्षा केली, हा आरोप करताना त्याने साहित्यशास्त्राची अनुज्ञा मागितली नाही. पुरावा मात्र मूळ काव्यांतूनच दिला. उसन्या सिद्धांतांच्या आडोशाने लिहिणाऱ्या समीक्षेत हा वाचकच हरवतो. विद्यार्थ्याने टीकाग्रंथापूर्वी ‘कादंबरी’ वाचून पत्रलेखेविषयी मत बनवावे. ते चुकले तरी चालेल, उसने नसावे.