फुकटाची वीज आणि झाकलेली गच्ची

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे वीज एकाएकी फुकट होते. २००४ साली महाराष्ट्रात शेतीपंपांना मोफत विजेची घोषणा झाली, मते पदरात पडली आणि पुढल्याच वर्षी घोषणा गुंडाळली गेली. उरले ते भारनियमन. २०१९ मध्ये दिल्लीत २०० युनिटपर्यंत बिल शून्य झाले. २०२४ साली तोच मोह महाराष्ट्रालाही पुन्हा आवरला नाही. पक्ष बदलतात, खैरातीची भाषा बदलत नाही. प्रत्यक्षात ही वीज फुकट नसतेच; तिचे पैसे कारखानदार, दुकानदार किंवा करदाता भरतो.

परंतु या खैरातीवर नाके मुरडणारा सुशिक्षित मध्यमवर्ग स्वतः काय करतो? बिल हाती पडले की महावितरणच्या नावाने बोटे मोडतो, आणि ते बिल उलटून वाचण्याचे कष्ट मात्र घेत नाही. त्यात स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, राज्याच्या तिजोरीत जाणारे १६ टक्के वीज शुल्क असते. यावर ग्राहकाने जाब विचारलाच पाहिजे. मात्र दराचे टप्पे शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर बदलतात, म्हणजे महिन्यातले शेवटचे युनिट सर्वांत महाग पडते आणि वाचते तेही तेच, हे साधे गणित किती घरांत ठाऊक आहे?

छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅट वीज खातो. बीएलडीसी पंखा तेवढाच वारा ३० वॅटच्या आत देतो. रोज बारा तास फिरणारे तीन पंखे बदलले तर महिन्याला जवळजवळ ५० युनिट वाचतात. ३४० युनिट जाळणारे घर तीनशेच्या आत येते. अडीच-तीन हजारांचा पंखा महाग म्हणणारा गृहस्थ दिवाळीत त्याहून मोठा दूरचित्रवाणी संच विनातक्रार आणतो, आणि वातानुकूलन यंत्र १८ अंशांवर लावून वर रजई पांघरतो! तापमान एका अंशाने वाढवले तर त्या यंत्राची सुमारे ६ टक्के वीज वाचते.

सरकारने करायचे काम कोणते, हे ‘उजाला’ने दाखवले. २०१४ साली घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा एकगठ्ठा मागणीमुळे २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. तिथे बिल माफ झाले नाही. वस्तू स्वस्त झाली.

फेब्रुवारी २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या सौर संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. हेही सरकारी पैसेच, असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा, पण इथे पैशांतून छपरावर वर्षानुवर्षे टिकणारी मालमत्ता उभी राहते. एक किलोवॅटचा संच दिवसाला साधारण चार युनिट देतो. गृहनिर्माण संस्थांनाही उद्वाहन आणि पाण्याच्या पंपासाठी किलोवॅटमागे १८ हजारांची तरतूद त्यात होती. तरीही पुण्या-ठाण्यातल्या कितीतरी इमारतींच्या गच्च्यांवर आजही पाण्याच्या टाक्या आणि मोडके फर्निचरच ऊन खाते आहे. वार्षिक सभेत वाहनतळाच्या पट्ट्यांवरून दोन तास खडाजंगी होते; गच्चीचा विषय आला की अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात आणि तो ‘पुढील सभेत’ जातो.