सखल भागात राहणाऱ्यांचे प्रश्न

माझे मामा नगरपालिकेत सफाई कामगार होते. मॅनहोलचं झाकण काढलं की ते तासभर कडेला बसून राहायचे. मग काडी पेटवून आत टाकायचे. भडकली तर गॅस आहे, विझली तर खाली श्वास घ्यायला हवा नाही. हे शास्त्र त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सोबतच्या माणसांचे जीव गेले, त्यातून ते शिकले.

आज संशोधनासाठी ऊर्जा संक्रमणावरचे अहवाल वाचताना मला ती काडी आठवते. भारताने २०७० पर्यंत ‘नेट झीरो’चं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. देशाच्या ऊर्जेत नैसर्गिक वायूचा वाटा साधारण ६ टक्के आहे, तो २०३० पर्यंत १५ टक्के करायचा आहे. कोळशाकडून सौर आणि पवन ऊर्जेकडे जाताना मधला पूल म्हणून वायू, आणि धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड पकडून जमिनीखाली गाडायचा, अशी ही मांडणी. नीती आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या अहवालात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन कार्बन पकडण्याची भाषा आहे. तो साठवण्यासाठी बेसाल्ट खडकांचाही विचार आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या पायाखालचा काळा पाषाणसुद्धा या हिशेबात आला.

यात तथ्य अजिबात नाही असं नाही. तेवढ्याच विजेसाठी वायू जाळला तर कोळशाच्या जवळपास निम्मा कार्बन निघतो. सिमेंट उद्योगात तर अर्ध्याहून जास्त कार्बन चुनखडीतूनच बाहेर पडतो, तिथे तो पकडण्यावाचून फारसे मार्ग नाहीत. पण नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. २० वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे ८० पट जास्त उष्णता धरतो. विहिरीपासून वीजकेंद्रापर्यंत जो गळतो, तो धुराड्यावर बसवलेलं यंत्र पकडू शकत नाही. शिवाय आपल्याला लागणारा साधारण निम्मा वायू आयात होतो. युक्रेन युद्धानंतर २०२२मध्ये भाव कडाडले, आणि आधीच रखडलेली वायूवरची वीजकेंद्रं आणखी थंड पडली.

पण आमच्यासाठी कळीचा मुद्दा वेगळा आहे. हा वायू जाणार कुठून, आणि नळी फुटली तर मरणार कोण?

२७ जून २०१४च्या पहाटे आंध्र प्रदेशात पूर्व गोदावरी जिल्ह्यातल्या नगरम गावात गेलची वायुवाहिनी फुटून आग लागली. वीसहून अधिक माणसं गेली. २२ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या सटार्शिया गावाजवळ कार्बन डायऑक्साइडची वाहिनी फुटली. चाळीसहून अधिक लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. ऑक्सिजन नसल्याने गाड्यांची इंजिनं बंद पडली. हा वायू हवेपेक्षा जड असतो, दिसत नाही, तो सखल जागी साचतो. मॅनहोलच्या तळाशीही तो असाच साचतो.

आणि सखल जागी कोण राहतं? गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, गावकुसाबाहेर कुणाच्या वस्त्या वसवल्या गेल्या, हे या स्तंभाच्या वाचकाला सांगायला नको. महाराष्ट्रात तो वाडा असेल, तमिळनाडूत चेरी, कर्नाटकात केरी. नकाशावर ती मोकळी जागा दिसते.

कायदाही तसाच आहे. वायुवाहिन्यांसाठी १९६२चा कायदा वापरतात. जमीन मालकाचीच राहते, कंपनीला वापराचा हक्क मिळतो. त्या पट्ट्यात घर बांधता येत नाही, झाड लावता येत नाही. पिकाचं नुकसान भरून देतात, आणि हक्काबद्दल बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते. अधिसूचनेनंतर २१ दिवसांत हरकत घेता येते, पण ती जमिनीत हितसंबंध असलेल्यालाच. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या भूमिहीन मजुराची झोपडी वाहिनीला लागून असली तरी त्याला ना मोबदला, ना हरकतीचा हक्क.

जमिनीखाली गाडलेल्या कार्बनवर शेकडो वर्षं नजर ठेवू, असं हीच व्यवस्था सांगते. हाताने मैला साफ करण्यावर १९९३ला कायद्याने बंदी आली, २०१३ला नवा कायदा आला. २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख करावी लागली, कारण मृत्यू थांबले नव्हते. दहा फूट खोल मॅनहोलवर गॅस मोजणारं यंत्र पोहोचवता न आलेल्या व्यवस्थेच्या शब्दावर आम्ही किती विश्वास ठेवायचा?

आपला विजेला विरोध नाही. मजूर मंत्री असताना १९४३मध्ये बाबासाहेबांनीच स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला होता. विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, हा त्यांचा विचार. त्या विजेची जोखीम जातीनुसार वाटली जाऊ नये, एवढंच आपलं म्हणणं.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. वाहिनीचा आणि साठवणुकीचा नकाशा वस्त्यांसह जाहीर करा. हरकतीचा हक्क जमीनमालकीला नव्हे, राहण्याला जोडा. कार्बनच्या वाहिन्या टाकण्याआधी गळती झाली तर जबाबदार कोण, हे कायद्यात लिहा. आणि त्याआधी प्रत्येक शहरातलं गटार माणसाविना साफ करून दाखवा.

घरात पहिल्यांदा पदवी आलेल्या आपल्यासारख्यांना राजपत्र वाचता येतं. आपल्या तालुक्यात अधिसूचना निघाली तर ती वाचा, वस्तीत बसून समजावून सांगा, २१ दिवस मोजा. मामांकडे फक्त काडी होती. आपल्याकडे कागद आहे.