गाडी आपोआप चालते, मग माणूस काय करतो?

हल्ली शहरात अशा मोटारी आल्या आहेत की त्या थोड्याफार आपल्या आपणच चालतात. पुढच्या गाडीपासून अंतर राखतात, रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून वळतात, समोर काही आले तर ब्रेकही लावतात. (आपल्या गावच्या रस्त्याला पट्टे नाहीत. तिथे शेळ्या असतात.) लोक म्हणतात, आता अपघात कमी होतील. माझे मत थोडे निराळे आहे.

आजोबा सांगतात, पूर्वी बाजारातून येताना गाडीवान बैलगाडीत खुशाल झोपायचा. बैलांना वाट पाठ असायची. ते बरोबर दारात आणून सोडायचे. लोकांना आता मोटारही तशीच वाटू लागली आहे. पण बैलाला स्वतःचा जीव असतो. खड्डा दिसला की तो थांबतो, माणूस आडवा आला की बिचकतो. आणि चालतो किती हळू! मोटारीला कसली आलीय भीती?

अमेरिकेत टेम्पी नावाचे शहर आहे. तिथे 18 मार्च 2018 च्या रात्री आपोआप चालणाऱ्या एका मोटारीची चाचणी चालू होती. लक्ष ठेवायला आत एक बाई बसवली होती. पुढे दुसरी एक बाई सायकल ढकलत रस्ता ओलांडत होती. समोर काहीतरी आहे हे यंत्राला साडेपाच सेकंद आधीच कळले, पण ते काय आहे हे त्याला नीट ठरवता येईना. आतल्या बाईने बघायचे, तर तिचे लक्ष फोनवरच्या कार्यक्रमात. सायकलवाल्या बाईचा जीव गेला. गुरुजींनी हे सांगितले तेव्हा वर्गात कोणीच बोलले नाही.

मग आम्ही फळ्यावर गणित केले. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी एका मिनिटात 1000 मीटर जाते. म्हणजे 3 सेकंदांत 50 मीटर. आपली धावण्याची शर्यत 50 मीटरचीच असते. फोनवरचा निरोप वाचायला 3 सेकंद तर लागतातच. तेवढ्यात गाडी आपली अख्खी शर्यत डोळे मिटून पळते!

त्या बाईला सगळे आळशी म्हणतील. मला तेवढेच खरे वाटत नाही. ज्वारीची राखण करायला माळ्यावर बसले की झोप येते. खाली खुरपणाऱ्या बायकांना येत नाही. हाताला काम नसले की डोळा लागतो, नाहीतर मन भलतीकडे जाते. गाडी जेवढे काम स्वतः करील तेवढा माणूस नुसता राखणदार होईल, आणि खिशात फोन तर आहेच. म्हणून अशा शहाण्या गाडीत फोन जास्तच लांब ठेवला पाहिजे.

आपल्याकडच्या गाड्या शहाण्या नाहीत. तरी पालकहो, तुमच्यातले काहीजण मान वाकडी करून, फोन खांद्यात धरून मोटारसायकल चालवतात. मागे आम्ही बसलेलो असतो. 2019 साली कायदा कडक झाला, दंड 1000 पासून 5000 रुपयांपर्यंत आहे. पण सांगितले की म्हणतात, “एवढ्यानं काय होतंय?”

आमच्या वडापचे एक काका मात्र फोन वाजला की जीप कडेला लावूनच बोलतात. मागची माणसे कुरकुरतात, बाजाराला उशीर होतो म्हणतात. कुरकुरू देत. मी त्यांच्याच जीपमध्ये बसते.