वाफाऱ्याची बढती

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला चौदावा अध्याय स्वेदाचा आहे. अंग शेकून घाम आणण्याचे तेरा प्रकार त्यात येतात. नळीतून औषधी वाफ सोडणारा नाडीस्वेद त्यांतलाच, आणि स्वेद कोणाला द्यावा या यादीत पडसे-खोकलाही आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकातला एबर्स पपायरस तापलेल्या विटांवर औषध टाकून त्याची वाफ बोरूने ओढायला सांगतो. एकमेकांचे नावही न ऐकलेल्यांना एकच गोष्ट सुचली, कारण चोंदलेल्या नाकाला ऊब आणि ओल लागली की घटकाभर बरे वाटते.

तेवढ्यावर वैद्यांचे भागले नाही. जो तो या आरामाला उपचाराच्या पदावर बढती देत गेला. १७७८ साली प्लिमथच्या डॉ. जॉन मज यांनी कथलाच्या मगाला झाकण आणि नळी बसवली, मुठीला हवेसाठी भोके पाडली आणि पुस्तकाच्या नावातच खोकला झटपट, मुळापासून घालवण्याची हमी दिली. पुढे विषाणू सापडले, तसा युक्तिवाद बदलला. सर्दीचा विषाणू नाकातल्या ३३ अंशांच्या थंडाव्यात फोफावतो, मग नाकच तापवले तर? इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या सर्दी संशोधन केंद्रातले डेव्हिड टायरेल आणि सहकारी यांनी ४३ अंशांची दमट हवा देऊन पाहिली आणि त्रास कमी झाल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या नंतरच्या चाचण्यांत मात्र तो गुण आला नाही. वैद्यकीय चाचण्या एकत्र पडताळणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात सहा चाचण्या आणि ३८७ रुग्ण होते. शिफारस करावी असा एकसारखा फायदा त्यांतही दिसला नाही.

कोविडमध्ये वाफाऱ्याला सर्वांत मोठी बढती मिळाली. वाफेने विषाणू मरतो, असे मोबाइलवरचे निरोप घरोघर फिरले. विषाणू पेशींच्या आत वाढतो. तो मरेल इतकी उष्णता आधी नाकाचे अस्तर भाजेल, हे सांगायला कोणी थांबले नाही. २०२० च्या वसंतात बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयात वाफ घेताना भाजलेल्या मुलांचे प्रमाण नेहमीच्या तीसपट झाले.

म्हणून वाफ घेणे सोडावे असे मुळीच नाही. नाक मोकळे वाटते, झोप लागते, आणि चार-आठ दिवसांत आपोआप जाणाऱ्या आजारात हे थोडे नाही. फक्त लहान मुलांना ती देऊ नये. पोळतात ती बहुधा वाफेने नव्हे, मांडीवर लवंडलेल्या उकळत्या पाण्याने. मज यांच्या मगाला झाकण होते. आपण आजही उघडे पातेले समोर घेऊन, डोक्यावर चादर ओढून, पुढचे काही दिसणार नाही अशा बेताने बसतो. पाटावर डगमगणाऱ्या पातेल्याऐवजी अरुंद तोंडाचे, जड बुडाचे भांडे घ्यावे आणि गॅसवरून उतरवल्यावर थोडे थांबून मगच तोंड त्यावर न्यावे.