नाव एकच, स्पेलिंगे अनेक

अरबीत 'मुहम्मद' हे नाव चारच अक्षरांत लिहितात: मीम, हे, मीम, दाल. ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतात. इंग्रजीत मात्र स्वर लिहावेच लागतात. मग कोणी 'यू' घालतो, कोणी 'ओ'. कोणी एक 'एम', कोणी दोन. शेवटी कोणी 'ए', कोणी 'ई'. इंग्लंड आणि वेल्समधील नवजात मुलांच्या नावांच्या २०२३च्या सरकारी यादीत 'मुहम्मद' पहिले आले. त्याच यादीत याच नावाची दुसरी स्पेलिंगे वेगळी नावे म्हणून मोजलेली आहेत!

उच्चारही देशागणिक बदलतो. अरबी 'जीम'चा इजिप्तमध्ये 'ग' होतो, म्हणून जमाल तिथे गमाल. अल्जीरिया, मोरोक्कोवर फ्रेंचांचे राज्य होते, म्हणून तिथला रशीद 'श'साठी 'एसएच' न लिहिता 'सीएच' लिहितो. अरब जे अक्षर 'द'च्या जवळ उच्चारतात, त्याचा फारसी-उर्दूत 'झ' झाला. म्हणून रमदानचा रमझान, रिदाचा रझा आणि कादीचा आपल्याकडचा काझी. यातले चूक कोणीच नाही.

तरीही आपल्यात वाद होतात. 'मोहम्मद'चे चार अक्षरी इंग्रजी लघुरूप लिहू नका, इंग्रजीत त्याचा अर्थ घाणेरडा होतो, असा एक निरोप वर्षानुवर्षे मोबाईलवर फिरतो आहे. इंग्रजीत असा शब्दच नाही. ते लघुरूप टाळावे, पण कारण वेगळे आहे. एका कागदावर लघुरूप आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव असले की खिडकीमागचा कारकून विचारतो, "हे दोघे एकच कशावरून?"

हा प्रश्न मराठवाड्यात जास्त बोचतो. आजोबांचे नाव निजामाच्या काळातील उर्दू कागदात, वडिलांचे सातबाऱ्यावर देवनागरीत आणि नातवाचे पासपोर्टवर इंग्रजीत. तीन लिप्यांतून आलेले नाव अक्षराला अक्षर जुळेल तरी कसे? त्यात अर्जावर नाव आणि आडनावाचे वेगळे रकाने. अब्दुर्रहमान म्हणजे रहमानचा बंदा. रकान्यांनी त्याचे 'अब्दुल' आणि 'रहमान' असे दोन तुकडे केले. नुसत्या 'अब्दुल'चा अर्थ अर्धाच राहतो. पण एकदा कागदावर चढले की तेच कायम.

माझे म्हणणे सरळ आहे. इंग्रजी स्पेलिंग हा ईमानाचा प्रश्न नाही, पण कागदाचा नक्कीच आहे. मूल जन्मले की घरातल्यांनी बसून एक स्पेलिंग ठरवावे. जन्मदाखला, आधार, शाळा, बँक, पासपोर्ट, सगळीकडे तेच द्यावे. ते अरबीच्या किती जवळ आहे यापेक्षा सगळीकडे सारखे आहे का, हे पाहावे. जुन्या कागदांत फरक असेल तर नोकरीची किंवा हजची घाई येण्याआधी दुरुस्त करून घ्यावा.

आणि कार्यालयांनीही एक गोष्ट समजून घ्यावी. 'दीक्षित' आणि 'चौधरी' यांचीही इंग्रजीत अनेक स्पेलिंगे होतात. बापाचे नाव, जन्मतारीख, गाव जुळत असेल तर एका 'ई'वरून माणूस बदलत नाही. एका अक्षरासाठी म्हाताऱ्या माणसाला तालुक्याच्या चार खेपा घालायला लावणे हा नियम नव्हे, छळ आहे.